पळसदरी : आधी खोपोली, मग घाट

प्रश्न : कर्जतच्या पुढे पळसदरीला पुण्याची आणि खोपोलीची लाइन वेगळी होते. खोपोलीचा फाटा नंतर काढला का? (बदलापूर)

उत्तर : नाही, खोपोलीची लाइनच थोरली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे पळसदरीवरून खोपोलीला, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याला पोचली ती १२ मे १८५६ रोजी. वरची खंडाळा–पुणे लाइन १४ जून १८५८ला सुरू झाली, पण मधला घाट अजून फोडायचा होता. तोवर पुण्याला जाणारे लोक खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू नाहीतर गाडी करून १८३०च्या घाटरस्त्याने खंडाळ्याला चढत आणि तिथे दुसऱ्या आगगाडीत बसत. १८६३मध्ये पळसदरी–खंडाळा जोडलं गेलं आणि खोपोलीची मुख्य लाइन फाटा होऊन बसली. केळवली, डोलवली, लौजी, खोपोली हा तुकडा आजही एकेरी आहे.

प्रश्न : मग घाटाची लाइन खोपोलीहूनच सरळ वर का नेली नाही? (चिंचवड)

उत्तर : खोपोलीला डोंगर अगदी अंगावर येतो. बैलगाडी वळणं घेत चढते, इंजिनाला लांब आणि बेताचा चढ लागतो. म्हणून मागे पळसदरीपासूनच सोंडेच्या कडेने चढायला सुरुवात केली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये साधारण ५६० मीटर उंची घेतली, म्हणजे सरासरी ४५ मीटरला १ मीटर. सगळ्यात कठीण जागी हा चढ ३७ला १ आहे. अर्धा किलोमीटर लांबीची गाडी तिथे उभी केली, तर शेवटचा डबा इंजिनापेक्षा जवळजवळ १४ मीटर खाली असतो!

म्हणूनच कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. सगळा भार पुढून ओढला तर कपलिंगवर, म्हणजे डब्यांच्या जोडावर ताण येतो. ते तुटलंच, तर मागचे डबे उताराला लागतात. मागून रेटा असला की दोन्ही धोके टळतात. उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग आहेत. गाडी आधी थांबवून ताबा दाखवल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नाही. ब्रेक न लागलेली गाडी सायडिंगच्या, म्हणजे चढाच्या बंद लाइनीत शिरते आणि तिथेच तिचा वेग मरतो.

बांधताना २५ बोगदे खणले. १८६१च्या सुमाराला एका वेळी ४२ हजारांपर्यंत मजूर कामावर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि कंत्राट पुरं करून घेतलं त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी. या बाईंचं नाव अभियंत्यांच्या मानाने फारच कमी घेतलं जातं. काम मात्र सगळीकडे सारखं पक्कं नव्हतं. १८६७च्या पावसाळ्यात घाटातला एक दगडी पूल कोसळला. बाहेरून घडीव चिरे आणि आत कच्ची भर, असल्या बांधकामाला कोकणचा पाऊस झेपत नाही.

खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. पुढे नवे बोगदे काढून १९२९च्या सुमाराला ते बंद केलं.

प्रश्न : पुण्याहून पळसदरीला कसं यावं? (कोथरूड)

उत्तर : कर्जतला थांबणारी गाडी पकडा आणि तिथून खोपोली लोकल. पहिलंच स्टेशन पळसदरी, तीनेक किलोमीटरवर. चौकशी करताना ‘अप’ आणि ‘डाऊन’मध्ये घोटाळा होतो : मुंबईहून निघणारी गाडी घाट चढते तरी ती डाऊनच. एकेरी लाइनीवर गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीच्या लोकलची वेळ कर्जतलाच बघून ठेवा.