ऑक्टेव्हचं पॅरलल पॅकेज: बसवणं एक, चालवणं दुसरं

तुमच्या तीन अडचणी आहेत. लिनक्सवर ऑक्टेव्हचं (मॅटलॅबसारखी गणिती आकडेमोडीची मोफत भाषा) पॅरलल पॅकेज, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून एकाच वेळी करणारी जोडणी, बसवताना एररचा ढीग येतो, एकदाचं बसलं तर 'पॅरअ‍ॅरेफन' हे काम वाटून देणारं फंक्शन सापडत नाही, आणि लूपला 'पारफॉर' (मॅटलॅबमधला समांतर फॉर लूप) लावूनही वेळ तेवढाच लागतो. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

ऑक्टेव्हच्या पॅकेज कमांडने पॅरलल बसवलं की त्याचा सी++ कोड तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो. त्यामुळे कंपायलर, 'एमकेऑक्टफाइल' (ऑक्टेव्हसाठी सी++ कोड कंपाइल करणारं साधन) आणि जीएनयूटीएलएस या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीच्या हेडर फाइल लागतात. डेबियन-उबुंटूवर एमकेऑक्टफाइल लिबऑक्टेव्ह-डेव्हमधून मिळतं, नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव ऑक्टेव्ह-डेव्ह आहे. पॅरललच्या आधी 'स्ट्रक्ट' पॅकेज बसवून घ्या, कारण पॅरलल त्यावर अवलंबून आहे. एरर वाचताना शेवटची ओळ सोडून द्या. ती फक्त 'मेक' (कंपाइलचं काम चालवणारा प्रोग्राम) फसल्याचं सांगते. वर सरकत जाऊन पहिला एरर गाठा, न सापडलेल्या फाइलचं नाव तिथेच असतं. तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तुमच्या प्रकाराच्या) भांडारात ऑक्टेव्ह-पॅरलल तयार मिळत असेल तर सरळ तेच घ्या.

फंक्शन सापडत नाही, कारण बसवलेलं पॅकेज दर सेशनला लोडही करावं लागतं. लोडची ओळ ऑक्टेव्हआरसी फाइलमध्ये (ऑक्टेव्ह सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) टाका, विषय संपला.

पारफॉरचं मात्र नीट लक्षात घ्या. ऑक्टेव्ह हा शब्द स्वीकारतं ते मॅटलॅबचा कोड अडू नये म्हणून. प्रत्यक्षात तो साधा फॉर लूपच चालवतं, आणि तेही निमूटपणे, एकही इशारा न देता. मी यात पूर्ण दोन दिवस घालवले होते, म्हणून कळकळीने सांगतोय. लूपच्या आतला भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि तो पॅरअ‍ॅरेफनला द्या. उत्तर मॅट्रिक्स असेल तर 'युनिफॉर्मआउटपुट' फॉल्स करा.

खरा कोड लावण्याआधी एक चाचणी घ्या. १ सेकंद थांबून आलेला आकडा परत देणारं छोटं फंक्शन लिहा, ४ प्रोसेस देऊन ते ८ आकड्यांवर चालवा आणि ऑक्टेव्हच्या 'टिक' आणि 'टॉक' कमांडने वेळ मोजा. साधारण २ सेकंद लागले तर पॅकेज ठीक आहे. ८ लागले तर काम अजून एकामागून एकच होतंय.

चाचणी पास होऊनही खरा कोड रेंगाळला तर संशय ओपनब्लासवर घ्या. ही ऑक्टेव्हच्या मागे मॅट्रिक्सची आकडेमोड करणारी लायब्ररी आहे, आणि मॅट्रिक्सचा गुणाकार ती मुळातच अनेक थ्रेडवर, म्हणजे एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर, वाटून करते. माझ्या ८ कोअरच्या मशीनवर मी ८ प्रोसेस सोडल्या, प्रत्येकीने ८ थ्रेड उघडले, आणि ६४ थ्रेड ८ कोअरसाठी भांडत बसले. साध्या लूपपेक्षाही जास्त वेळ लागला! ऑक्टेव्ह सुरू करण्याआधी टर्मिनलमध्ये 'ओपनब्लास नम थ्रेड्स' हा व्हेरिएबल १ केला आणि गाडी रुळावर आली. उलट, तुमचा सगळा वेळ मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारातच जात असेल तर पॅरललची गरजच नाही, ओपनब्लासला त्याचं काम करू द्या.

आता लूपची एक फेरी किती वेळ घेते ते मोजून इथे लिहा. ती मिलिसेकंदात उरकत असेल तर प्रोसेसमध्ये डेटा ने-आण करण्यातच फायदा संपेल. मग 'चंक्सपरप्रोक' वापरून फेऱ्या गठ्ठ्याने द्याव्या लागतील, आणि गठ्ठा केवढा ठेवायचा ते तुमचा आकडा बघून ठरवू.