जिंकतं कोण, गाडी की ड्रायव्हर?

प्रश्न : माझा नातू म्हणतो, फॉर्म्युला वनमध्ये गाडीच जिंकते, वर्स्टापनसारख्या जगज्जेत्या ड्रायव्हरला शेवटच्या संघाच्या गाडीत बसवा, तोही मागेच राहील. मला हे पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. तुमची नोकरी गाड्यांच्या चाचणीत गेली, तुम्हीच सांगा.
— एक आजोबा, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नमस्कार. वर्स्टापन मागे राहील, हे नातवाचं म्हणणं बरोबर आहे. जेन्सन बटनला २००८ साली होंडाच्या गाडीत अख्ख्या मोसमात ३ गुण मिळाले होते. होंडाने अंग काढून घेतलं, संघ त्याचाच प्रमुख रॉस ब्रॉन याच्याकडे आला, गाडीत मर्सिडीजचं इंजिन आणि खाली दुहेरी डिफ्यूझर (गाडीखालची हवा मागे काढून तिला रस्त्याला चिकटवून ठेवणारा भाग) आला. २००९ मध्ये त्याच बटनने पहिल्या ७ पैकी ६ शर्यती मारल्या आणि जगज्जेता झाला. चार महिन्यांत कुणाचा हात एवढा सुधारत नाही.

पण म्हणून ड्रायव्हर कुणीही चालेल, हे मला अजिबात मान्य नाही. जॉर्ज रसेलचं बघा. २०२० साली विल्यम्सच्या गाडीत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. डिसेंबरात हॅमिल्टनला कोविड झाला आणि बहारीनच्या साखीर शर्यतीसाठी रसेलला त्याची मर्सिडीज मिळाली. तो गाडीला नवखा, तरी पात्रता फेरीत (कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत) मर्सिडीजच्याच दुसऱ्या ड्रायव्हरपेक्षा, बोटासपेक्षा, फक्त ०.०२६ सेकंदाने मागे. शर्यत सुरू होताच पुढे गेला. पिटमध्ये संघानेच चुकीचे टायर चढवले, नंतर पंक्चर झालं, म्हणून नववा आला. तो आधीही इतकाच चांगला होता; मागच्या गाडीत ते कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं, एवढंच.

हा फरक पडतो कुठे? ब्रेकवर. फॉर्म्युला वनची गाडी वेगात असताना हवा तिला खाली दाबते, तेव्हा पेडल पूर्ण जोराने मारता येतं. वेग उतरला की तो दाब झपाट्याने कमी होतो, म्हणून पायही त्याच मापाने हलका करत यायचा आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवायचं. जरा उशीर झाला की पुढचं चाक लॉक, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं. जरा घाई केली की वेळ गेली. पीथमपूरला आमच्या साध्या गाड्यांच्या चाचणीतसुद्धा तीच गाडी, तेच वळण, पण ड्रायव्हर बदलला की ब्रेकचं तापमान आणि टायरची झीज वेगळी यायची. कोण चालवत होता, हे मी टायरच्या कडेवरून ओळखायचो.

म्हणून तुलना करायची ती एकाच संघातल्या दोघांची. रेड बुलमध्ये २०२४ साली वर्स्टापनचे ४३७ गुण, पेरेझचे १५२. त्या वर्षी संघ तिसरा आला, तरी वर्स्टापन जगज्जेता! अर्थात पेरेझवर सगळं खापर फोडू नये. पुढून झटकन वळणारी गाडी वर्स्टापनला आवडते, तशीच ती घडत गेली, आणि मागून सुटू पाहणारी गाडी सगळ्यांना झेपत नाही.

पावसात तर हात लगेच दिसतो, कारण इंजिनची सगळी ताकद ओल्या रस्त्यावर उतरतच नाही. २०२४ ची ब्राझीलची शर्यत नातवाला दाखवाच. वर्स्टापन सतराव्या जागेवरून सुटून जिंकला. आणि पुढच्या पात्रता फेरीला दोघं वही घेऊन बसा. पहिला कोण आला ते राहू द्या, प्रत्येक संघातल्या दोघांच्या वेळेतला फरक तेवढा लिहा. चार-पाच शर्यतींचे आकडे जमले की मला जरूर कळवा.