नारायणगावच्या टोमॅटोपासून सुरुवात कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल, चाकणला दोन वर्षं नोकरी, गाव नारायणगाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एमबीए प्रवेशाच्या मुलाखतीसाठी एका आयआयएमचा आणि लवळ्याच्या सिंबायोसिसचा असे दोन कॉल, हातात तीन आठवडे. चालू घडामोडी कुठून वाचू आणि इंग्रजीचं काय करू? (बराच लहान आहेस माझ्याहून, म्हणून अरेतुरे.)

चालू घडामोडी जरा बाजूला ठेव. आधी तू भरलेला फॉर्म काढ आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर स्वतःलाच उलटतपासणीला उभं कर. पॅनेलसमोर तुझ्याबद्दल तेवढाच कागद असतो, त्यामुळे प्रश्नही बहुतेक तिथूनच निघतात.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. फॉर्मवर झोकात लिहिलं होतं, 'लाइनवरचं रिजेक्शन निम्म्यावर आणलं.' समोरच्या मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला, त्या ओळीखाली पेनचं टोक टेकवलं आणि विचारलं, "निम्म्यावर म्हणजे हजार नगांमागे कितीवरून किती? आणि एक नग भंगारात गेला की कंपनीचे किती रुपये जातात?" रोज आठ तास त्याच लाइनवर उभा राहणारा मी, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईना. अंदाजे आकडा ठोकून दिला. मग तो कसा काढला हे विचारलं गेलं आणि पुढचं सगळं तिथेच घसरलं. त्या वर्षी गाडी तिथेच थांबली. परत आल्यावर कॉस्टिंगमधल्या एका काकांना विचारलं, तर त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडून दिला: कच्चा माल, तोवर झालेलं मशीनिंग, वजा भंगाराचा भाव. चहा संपायच्या आत झालं.

तेव्हा या आठवड्यात तुझ्या कॉस्टिंगच्या आणि खरेदीच्या माणसांबरोबर चहा घे. तुझा पार्ट कोणत्या गाडीत जातो, ती गाडी खपेनाशी झाली तर तुमच्या शिफ्टचं काय होतं, हे विचार. मग रेपो दर वाढला म्हणजे काय, हे पाठ करावं लागणार नाही. कर्ज महाग, दुचाकीचा हप्ता जड, बुकिंग कमी, तुझ्या ऑर्डरला कात्री, असं सरळ सांगता येईल. 'एमबीए का?' याचं उत्तरही इथेच सापडेल. 'नेतृत्वगुण विकसित करण्यासाठी' असं कृपा करून म्हणू नकोस. कोणता निर्णय तुझ्या डोक्यावरून गेला आणि तो कसा घेतला जातो हे शिकायचंय, ते सांग.

आता गाव. नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार निघणारच. भाव का कोसळतो, साठवण का परवडत नाही, शेतकऱ्यापासून मुंबईच्या गाळ्यापर्यंत मधे कोण कोण असतं? घरी फोन करून विचार, हे पुस्तकात नीट मिळत नाही. शेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. तू इंजिनिअर, म्हणजे 'ती दुर्बीण काय बघते?' हा प्रश्न अगदी येऊ शकतो. बिबट्या आणि ऊस, जुन्नर आणि नाणेघाटातला जुना व्यापारी रस्ता, यावरही चार वाक्यं असू देत.

छंदात ढोल-ताशा पथक लिहिलं असशील तर उत्तम, पण फक्त 'आनंद मिळतो' यावर भागणार नाही. सरावाची जागा कोण देतं, पैसा कुठून येतो, दांडी मारणाऱ्याचं काय करता? आणि निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, त्यावर तुझं म्हणणं काय? हा शेवटचा हमखास.

इंग्रजीची एवढी धास्ती नको. वाक्यं लहान ठेव. रोज चालताना एक प्रश्न घेऊन मोबाइलमध्ये उत्तर रेकॉर्ड कर आणि लगेच ऐक. पहिले दोन दिवस स्वतःचाच आवाज नकोसा होतो, मग सवय होते. लिहून पाठ मात्र करू नकोस. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांची ती खोड आहे, मधेच कुणी अडवलं की पुढचं सगळं विसरतं. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण आणि थांब.

पैसे भरून पाच-सहा मॉक (सरावाचे इंटरव्ह्यू) देण्याची गरज मला वाटत नाही. एक दे. बाकीचे ऑफिसातल्या एखाद्या खवट सिनियरला घ्यायला सांग, तो फुकटात जास्त सोलेल.

कपडे, फाइल वगैरे तुला कळतंच. फक्त लवळ्याचा कॅम्पस टेकडीवर आहे आणि चाकणहून सकाळी निघालास तर ट्रॅफिकमध्ये अडकशील. आदल्या रात्री बावधन-पाषाणकडे कुणा मित्राकडे मुक्काम टाक.

छंदाच्या रकान्यात नक्की काय लिहिलंयस ते इथे टाक, रात्री त्यावर चार तिरके प्रश्न देतो.