दारव्ह्याहून लंडनच्या जनसंपर्क क्षेत्रात (पीआरमध्ये) यायचं असेल तर

भाऊ, तू विचारलंस ते थोडक्यात असं: अमरावतीला पत्रकारितेचा कोर्स झालाय, दारव्हा तालुक्यात पाच एकर वावर आहे, ते गहाण ठेवून लंडनला जनसंपर्कात एमए करायचं आणि तिकडेच नोकरी धरायची. जमेल का? मी आर्वी तालुक्यातली, 2021 मध्ये अशीच निघाले होते. तू यायला माझी ना नाही. पण वावर गहाण ठेवून आत्ताच निघू नकोस.

आधी पैशाचं. कॉलेजची फी वेगळी. त्याशिवाय व्हिसासाठी राहण्याखाण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. लंडनसाठी महिन्याला 1,529 पौंड, असे नऊ महिन्यांचे, आणि ते सलग 28 दिवस खात्यात पडून असले पाहिजेत. रुपयांत हे पंधरा लाखांच्या वर जातं. शिवाय व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड.

हे कसंबसं उभं राहतं. खरी पंचाईत कोर्स संपल्यावर होते. एमएनंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा. तू 2026 च्या सप्टेंबरात आलास तर कोर्स 2027 मध्ये संपेल, म्हणजे तुझ्या वाट्याला दीड वर्ष. तेवढ्यात एखाद्या कंपनीनं तुला नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करायला हवं, आणि त्यासाठी पगाराची अट वर्षाला साधारण 41,700 पौंड आहे, नवख्यांना सवलत धरून 33,400. मला अकाउंट एक्झिक्युटिव्ह, म्हणजे पीआर एजन्सीतल्या सुरुवातीच्या जागेवर, पहिला पगार मिळाला होता वर्षाला 26 हजार पौंड. मी व्हिसा बदलला तो 2024 च्या एप्रिलआधी, तेव्हा अट 26,200 ची होती आणि नवख्यांना त्याहून कमी, म्हणून माझं निभावलं. माझ्याकडे पाहून हिशेब मांडू नकोस. तुला दीड वर्षात एक पायरी वर चढून दाखवावी लागेल, आणि ते इथं येऊन शून्यापासून शिकणाऱ्याला फार अवघड आहे.

कारण या धंद्यात ओळखी सोबत येत नाहीत. यवतमाळचे दहा पत्रकार तुझा फोन पहिल्या रिंगला उचलत असतील, पण लंडनमध्ये तुला कुणी ओळखत नाही. सोबत येतं ते लिहिणं, आणि एखाद्या विषयाची जाण.

लिहिण्याचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एका छोट्या एजन्सीत मी प्रेसनोट लिहिली, आपल्याकडे लिहितात तशी: अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, आणि चौथ्या परिच्छेदात मूळ बातमी. मॅनेजरनं पेन घेतलं, पहिले तीन परिच्छेद आडवे खोडले आणि चौथ्याला गोल करून वर बाण काढला. रागावली नाही. फक्त म्हणाली, पत्रकार ईमेलची पहिली ओळ वाचतो, पुढची वाचेलच असं नाही. त्या रात्री मी खोलीवर बसून माझ्या जुन्या सगळ्या प्रेसनोट तशा उलट्या करून लिहिल्या.

आणि जाण म्हणशील तर मला तारलं ते कापसानं. आमच्या एजन्सीकडे कपड्यांच्या कंपनीचं काम आलं. त्यांना स्वतःच्या कपड्यांतला कापूस कुठून येतो ते लोकांना सांगायचं होतं. वेचणी कधी सुरू होते, फरदड म्हणजे काय, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी कशी वेगळी होते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पुढच्या मीटिंगपासून क्लायंट थेट मला विचारू लागला. तू पऱ्हाटीत वाढलास, हे तुझ्याकडेही आहे. ते बायोडेटाच्या तळाशी लपवू नकोस.

म्हणून एक-दोन वर्षं तिथंच काढ. एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंग किंवा संस्था गाठ. पगार कमी असेल, चालेल. त्यांच्या बातम्या मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिही. नागपूरच्या इंग्रजी पेपरांना पाठव. प्रत्येक कामाची नोंद ठेव: काय पाठवलं, कुणी छापलं, त्यामुळे काय झालं. कात्रणं सेंटीमीटरनं मोजून जाहिरातीच्या दरानं गुणायची आपल्याकडची पद्धत मात्र इथं दाखवू नकोस. पीआरचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी ती नाकारली आहे, आणि मुलाखतीत तसा आकडा सांगितलास की समोरचा गप्प होतो. त्याऐवजी सांग की बातमी आल्यावर किती शेतकरी नोंदणीला आले.

स्पॉन्सर करू शकणाऱ्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार स्वतः प्रसिद्ध करतं. ती घरबसल्या चाळ आणि त्यातल्या पीआर एजन्सी वेगळ्या काढ. एजंटला एक रुपयाही देण्याआधी हे कर.

वडिलांशी बोलणं अवघड जात असेल तर मला फोनवर घे. रविवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळी असते, त्यांना हे सगळे आकडे मीच सांगते.