हर-टू ‘टू प्लस’ आलंय? आधी सुईच्या तपासणीचा ब्लॉक मिळवा

तुमच्या आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचा हर-टू रिपोर्ट ‘टू प्लस’, डॉक्टर फिश ही जनुकाची तपासणी करा म्हणतात, आणि तुम्ही विचारताय की हा खर्च टाळता येईल का. मालवणातून लिहिलंत म्हणून राहवलं नाही. आमच्या आईचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, औषधाचं त्यांनाच विचारा. पण फिश टाळू नका.

हर-टू हा पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन. तो शेजारच्या रिसेप्टरशी जोडी जमवतो. जोडी जमली की आतल्या बाजूच्या शेपटीवर, टायरोसिनवर, फॉस्फेट बसतात आणि तिथून ‘वाढत राहा, मरू नकोस’ हा निरोप केंद्रकापर्यंत जातो. जनुकाच्या प्रती वाढल्या की रिसेप्टरांची इतकी दाटी होते की जोड्या आपोआप जमतात, निरोप थांबतच नाही. ट्रास्टुझुमॅब हे औषध तो निरोप बाहेरून अडवतं. लॅपॅटिनिब हे औषध पेशीच्या आत शिरून फॉस्फेट चिकटवणारा भागच बंद पाडतं. टू प्लस म्हणजे ‘थोडंसं आहे’ असं नव्हे, गाठीच्या कापाला दिलेल्या रंगावरून ठरत नाही एवढंच. फिशमध्ये जनुकाच्या प्रतीच मोजतात.

आता आमची चूक. ऑपरेशननंतर गाठ आमच्याच हातात दिली, सलाइन भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत. मी ती रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, कोकमाच्या बाटलीशेजारी, आणि पहाटेच्या एसटीने घाट चढून कोल्हापूरला नेली. थंड आहे म्हणजे टिकेल असं वाटलं. खरं तर गाठ काप देऊन तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावात, पडायला हवी आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवी. कुणी बोललंच नाही. फिशला सिग्नलच मिळाला नाही.

मग ऑपरेशनआधीच्या सुईच्या तपासणीचा ब्लॉक आठवला, म्हणजे तेव्हा सुईने काढलेला, मेणात बसवून ठेवलेला गाठीचा तुकडा. त्या लॅबच्या खिडकीवर एकच उत्तर: “साहेब आल्यावर या.” साहेब कधी येणार? माहीत नाही. चार हेलपाटे, तीन आठवडे! आई घरी वाट बघत बसलेली. आजही आठवलं की जीव तळमळतो. शेवटी त्याच ब्लॉकवर फिश पॉझिटिव्ह आली आणि औषध सुरू झालं.

तुम्ही ब्लॉकसाठी लॅबला आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि ट्रास्टुझुमॅब ठरलंच तर आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, त्याची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. आमच्याकडे त्यालाही रांग होती.