कचरा शहराचा, जागा गावाची

प्रश्न : आमचं गाव शहराच्या हद्दीला खेटून आहे. रात्री टेम्पो येतात आणि गायरानात राडारोडा, थर्माकोल, हॉटेलचं खरकटं ओतून जातात. ग्रामपंचायत म्हणते, कचरा शहराचा, महापालिकेला विचारा. महापालिका म्हणते, जागा हद्दीबाहेर. दाद कुठे मागायची?
– एक वाचक, ता. हवेली, जि. पुणे

उत्तर : पंचायत समितीत माझा जन्म गेला, ही टोलवाटोलवी मला पाठ आहे. कचरा कोणाचा हा वाद त्यांना लखलाभ. तुम्ही जागेचा मुद्दा धरा. आधी सातबारा काढा. गायरान असेल तर मालकी सरकारची आणि राखण ग्रामपंचायतीची. म्हणून अर्ज दोन : एक ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), दुसरा तहसीलदारांकडे. दोन्हींवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी तक्रार सरपंचांच्या चहाबरोबर संपते.

‘निधी नाही’ हे उत्तर येणारच. त्यावर मध्य प्रदेशातल्या रतलाम शहराचा निकाल दाखवा. तिथल्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली, नगरपालिकेने पैशाची अडचण सांगितली. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सबब साफ फेटाळली. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तो कुठे खर्ची पडला, हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

पुरावा ढिगातच असतो. कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता, हॉटेलच्या बिलाचा तुकडा, औषधाच्या खोक्यावरचं दुकानाचं लेबल. काही उचलू नका. जागच्या जागी फोटो काढा आणि पंचनामा मागा. टेम्पोचा नंबर लांबूनच टिपा. रात्री आडवं जाण्याचं धाडस नको, 112 लावा.

तरीही हालचाल नसेल तर प्रांतांकडे (म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करा. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 152. वकील नसला तरी चालतो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ तुमच्या पुण्यातच आहे, पण तिथे मुदतीचं बघा : वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने. ‘बघू, करू’ ऐकत वर्ष घालवलंत तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढील.

आता साफसफाईबद्दल. सगळ्यात सोपा उपाय अधिकारी करतील तो असा : जेसीबी आणायचा, ढीग पसरायचा, वर मुरूम टाकायचा. बिलावर ‘सपाटीकरण’ लिहिलेलं असतं. हे चालू देऊ नका. पावसाळ्यात ढिगाखालचं पाणी झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतं. राडारोडा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, ओलं वेगळं करून उचलायला लावा, काडी कोणालाही लावू देऊ नका. टेम्पो शिरतात त्या वाटेवर आडवी चर खणून घ्या, गुरांना जायला जागा ठेवून. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी वजनकाट्याच्या पावत्या मागा : माल कुठे गेला, किती टन, कोणी उतरवून घेतला.