आयशॅडो घेताना मॅट रंग आधी बघ

पॅलेट हातात आलं की सगळ्यांचं बोट आधी चमकणाऱ्या रंगावर जातं. तू तसं करू नकोस. अशा शिमर रंगात अभ्रक भरपूर असतं, म्हणून तो बोटाला लगेच लागतो आणि हलक्या मालातही देखणा दिसतो. खरी पारख मॅटमध्ये, म्हणजे न चमकणाऱ्या रंगात होते, त्यातही गडद जांभळ्या किंवा काळ्या रंगात.

ब्रशनेच लावून बघ, कारण डोळ्यावर तोच वापरणार आहेस. मनगटाच्या आतल्या बाजूला, क्रीम किंवा प्रायमर (रंगाआधी लावायचा थर) न लावता, एकदा हलका हात फिरव आणि मग कडा पसरव. रंग कडेकडे हळूहळू फिका होत गेला तर उत्तम. मध्येच टक्कल पडल्यासारखे पट्टे राहिले किंवा पसरवता पसरवता रंगच नाहीसा झाला, तर खुशाल परत ठेवून दे, ब्रँड कितीही मोठा असो.

डबीत थोडी भुकटी उडाली म्हणून नाक मुरडू नकोस. मऊ दाबलेल्या पावडरीत ते होतंच, ब्रश झटकला की भागतं. झटकूनही गालावर सडा पडत असेल, तर मात्र विचार कर.

दुकानातल्या टेस्टरवरचा (लावून बघायला ठेवलेल्या नमुन्यावरचा) थर कडक, तुकतुकीत झालेला असेल तर ते बहुधा बोटांचं तेल असतं, रंगाचा दोष नव्हे. घरच्या पॅलेटचं असं झालं तर सेलोटेप हलकेच टेकवून उचल, खालचा रंग मोकळा होतो. आणि टेस्टर हातावरच लाव, डोळ्याला अजिबात नाही.